खुणांचा कागद

काकांनी माझे केस मुठीत धरून डोकं नळावर आपटलं, तेव्हा माझ्या मनात पहिल्यांदा आलं ते हेच, की चूक माझी आहे.

वृद्धसेवेच्या कोर्समधला आंघोळीचा धडा मला तोंडपाठ होता. समोरून जायचं, नावानं हाक मारायची, आधी हातावर पाणी, मग पायावर. डोक्यावर सगळ्यात शेवटी, तेही विचारून. लेखी परीक्षेत या उत्तराला मला पैकीच्या पैकी होते. लेक घोकून घ्यायची आणि नवरा पेपरामागून म्हणायचा, "सेहेचाळिसाव्या वर्षी आंघोळ घालायला शिकतेय! आमच्या पोरांना काय वाळूनं घासत होतीस?"

घात केला तो त्या पोरं वाढवलेल्या हातानंच. कोर्सचं प्रॅक्टिकल वृद्धाश्रमात होतं; त्या सकाळी तिथं तीन आंघोळी उरकायच्या होत्या, त्यातली एक काकांची. मी घाईघाईत मागून गेले आणि मगभर पाणी काकांच्या थेट डोक्यावर ओतलं.

काका पूर्वी ट्रक चालवायचे. डोकं आता थाऱ्यावर नव्हतं, पण मनगट तेच होतं. कुणी बुडवतंय असं वाटलं असणार त्यांना. दुसऱ्यांदा आपटलं तेव्हा माझी भुवई फुटली आणि रक्त डोळ्यात गेलं. मग त्यांनी माझा गळा धरला. "मला मारतेस, सटवे? मला?" त्यांचा अंगठा आत रुतत होता. श्वास येईना. हातात मग होता, तोच मी त्यांच्या गालावर हाणला.

पकड सुटली. ते स्टुलावर मागे कलंडून बसले.

इथवरचं कुणालाही सांगता आलं असतं. पण मी परत हाणला. ते ओलेचिंब, हात मांडीवर टाकून बसलेले असताना, नीट नेम धरून.

आवाज ऐकून चिमणी धावत आली. माझ्याच वर्गातली, वीस वर्षांची. चिवचिव थांबत नाही म्हणून हे नाव. तिनं नळ बंद केला, काकांना टॉवेलात गुंडाळलं आणि मला म्हणाली, "मावशी, भुवई दाबून धरा. असं बघत काय बसलाय?"

असं काही झालं की घरी जायच्या आधी खुणांचा कागद भरायचा असतो. त्यावर माणसाची आकृती छापलेली असते, पुढून आणि मागून. जिथं लागलं तिथं गोल करायचा, शेजारी कारण लिहायचं. एक कागद काकांचा, एक माझा. माझा पटकन भरला. काकांच्या आकृतीच्या डाव्या गालावर गोल केला आणि पेन थांबलं.

"लिहा, नळावर आपटले," चिमणी कुजबुजली. "तुमचं फुटलेलं तोंड बघून कोण विचारणार आहे? शुक्रवारी शेवटचं प्रॅक्टिकल. पास झालात की इथंच कायमची नोकरी. आणि त्यांना तर चहापर्यंत आठवणारही नाही."

मी लिहिलं : नळावर आपटले.

मग चहा घेऊन गेले. समोरून, हाक मारून, अगदी धड्याबरहुकूम. काकांचा गाल सुजून निळा पडला होता. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "नवीन का तुम्ही?" खरंच आठवत नव्हतं. मी कप पुढे केला मात्र, त्यांनी दोन्ही हातांनी डोकं झाकलं आणि गुडघ्यात घातलं. "नको, बाई. गप्प बसतो. गप्प बसतो मी."

कप टेबलावर ठेवला आणि बाहेर येऊन दुसरा कागद मागितला.

"वेड लागलंय का?" चिमणी म्हणाली.

मी लिहिलं : मगानं दोनदा मारलं. दुसऱ्यांदा मारलं तेव्हा त्यांनी मला सोडलेलं होतं.

शिकवणाऱ्या बाईंनी कागद दोनदा वाचला. "दुसऱ्यांदा का?"

"राग आला होता."

"शुक्रवारी येऊ नका," त्या म्हणाल्या. "चौकशी होईल. काकांच्या मुलाला मी कळवते. पुढच्या बॅचचं आत्ता काही सांगता येणार नाही. टाके घालून घ्या आधी." त्यांनी हात पुढे केला. मी बिल्ला काढून दिला.

चिमणी जिन्यापाशी डोळे पुसत उभी होती. तिला म्हटलं, "काकांचा चहा गार झाला असेल. दुसरा दे. आणि कप वरून नेऊ नकोस, खालून, गुडघ्याच्या उंचीवरून ने."

"स्वतः घरी चाललाय आणि मला शिकवताय!"

"मग कोण शिकवणार? जा."

ती गेली. मागोमाग जाऊन काका चहा घेतात का ते बघावंसं फार वाटलं. पण त्या खोलीत जायची मला आता परवानगी नव्हती, आणि ते बरोबरच होतं.