विल्फच्या दाराचं वय

माणसं येतात आणि जातात, वारसा मात्र टिकतो, असं आमच्या स्केलथ्वेट गावच्या वारसा समितीच्या पुस्तिकेत पहिल्याच पानावर छापलं आहे. वाक्य माझंच. पान अर्धं कोरं राहतंय असा छापखान्याचा निरोप आला, म्हणून घातलं.

मी समितीचा चिटणीस. अध्यक्ष गाय पेम्बर्टन, निवृत्त दंतवैद्य. अकरा वर्षांपूर्वी लंडनकडून राहायला आले आणि तेव्हापासून गावात काहीही बदलू नये म्हणून जिवाचं रान करतायत.

ऑक्टोबरच्या सभेला डोरीन टायसन आली. तिचा नवरा विल्फ. जन्मभर सरोवरावर भाड्याच्या होड्या चालवल्या, आणि आता वर्षभर हमरस्त्यावरच्या वृद्धाश्रमात चाकाच्या खुर्चीत होता. डोरीनला त्याला मरायला घरी आणायचं होतं. 'मरायला' असंच म्हणाली ती. पेम्बर्टननी हातातलं बिस्किट बशीत परत ठेवलं. टायसनांच्या घराची पाठ डोंगरात रुतलेली, पुढे एकच दार. दार पंचवीस इंच, खुर्ची सत्तावीस. चौकट काढून रुंद करायला तिला समितीची परवानगी हवी होती.

"मिसेस टायसन, ते दार सोळाशे चाळीसचं आहे," पेम्बर्टन म्हणाले. "पुस्तिकेत आहे. पान नऊ."

"एक्याऐंशीचं आहे ते. एकोणीसशे एक्याऐंशी. मोडक्या होडीच्या फळ्यांतून विल्फनेच केलं. सोळाशे चाळीस तो गिऱ्हाइकांना सांगायचा. इतिहास ऐकला की तासाच्या जागी दोन तास होडी घ्यायची माणसं."

"काही पुरावा?"

"हा अंगठा. फळी मी धरली होती, करवत त्याच्या हातात होती."

पेम्बर्टननी अंगठा दाढ तपासावी तसा तपासला आणि मला म्हणाले, "इतिवृत्तात घ्या." मी घेतला.

"कॉलिन, तू तर इथलाच ना रे," डोरीन माझ्याकडे वळली. "तुझ्या बापाचाच रंधा आणला होता आम्ही. आठवत नाही तुला?"

आठवत होतं. पण पान नऊसुद्धा माझंच होतं.

"लहान होतो मी तेव्हा," मी म्हणालो. सोळा वर्षांचा होतो.

शेवटी असं ठरलं की खुद्द विल्फलाच विचारायचं. गुरुवारी जेवणानंतर आम्ही तिघं वृद्धाश्रमात गेलो. विल्फ वसंत ऋतूपासून कुणाला ओळखत नव्हता. डोरीनला तो 'सिस्टर' म्हणायचा, तेही बोललाच तर. तिने त्याचा भांग पाडला, कॉलर सारखी केली.

"विल्फ, आपलं दार कुणी केलं रे? सांग ह्यांना एकदा."

विल्फ तिच्या बटणाकडे बघत राहिला. मग पेम्बर्टन पुढे वाकले. अंगात पावसाळी कोट, गळ्यात दुर्बीण.

"मिस्टर टायसन, तुमचं दार केव्हाचं आहे?"

विल्फने कोट पाहिला, दुर्बीण पाहिली, आणि खुर्चीत ताठ झाला.

"सोळाशे चाळीस, साहेब," तो खणखणीत आवाजात म्हणाला. "राजाचा एक शिपाई तीन दिवस लपला होता त्याच्यामागे. होडी एक तास घेणार की दोन?"

कित्येक महिन्यांत तो एवढं बोलला नव्हता. आधी डोरीनच हसली. मग तिने त्याचा हात हातात घेतला.

"दोन," ती म्हणाली.

"थंडी असते पाण्यावर," विल्फ म्हणाला. "काहीतरी पांघरा, सिस्टर."

बाहेर आल्यावर पेम्बर्टन बराच वेळ नाक पुसत होते. "माणूस किती प्रामाणिक," ते मला म्हणाले. पुढच्या मंगळवारी अर्ज एकमताने फेटाळला. एकमतात मी होतोच.

डोरीन भांडली नाही. निर्णयाच्या पत्राची पोच तिने सही करून परत पाठवली. पोच मागायची पद्धतही मीच सुरू केली होती.

विल्फ जानेवारीत गेला, वृद्धाश्रमातच. त्याच्या खिडकीतून गाड्या लावायची जागा दिसायची. डोरीन बहिणीकडे राहायला गेली आणि तिने घर विकायला काढलं. दलालाने नियमाप्रमाणे जिल्हा कचेरीकडे चौकशी केली. उत्तराची एक प्रत चिटणीस म्हणून मलाही आली. त्या घरात कसलाही बदल करायला कुणाच्याही परवानगीची गरज नव्हती, आणि आमच्या समितीची कचेरीत नोंदच नव्हती. संरक्षित वारशाच्या यादीत स्केलथ्वेटच्या दोन गोष्टी आहेत: चर्च आणि घोड्यांना पाणी पाजायचं दगडी कुंड.