समितीपुढे ऊना

आमच्या घराण्यात आजवर कुणी कायद्याच्या वाटेला गेलं नाही. डोंगरावर मेंढ्या पाळल्या आणि मेलो, बस्स. तरी गेल्या वसंतात, मेंढ्या विण्याच्या ऐन घाईत, मी लग्नातला कोट घालून माझ्या थोरल्या बहिणीच्या, फिलोमेनाच्या, चांगल्या खोलीत बसलो होतो. शेजारी माझी बायको डिंपना आणि समोर कॉम्प्युटर. थोड्याच वेळात त्या कॉम्प्युटरात बेलफास्टहून स्टॉर्मंटची, म्हणजे आमच्या उत्तर आयर्लंडच्या विधानसभेची, आरोग्य समिती उगवणार होती. कोरोनामुळे तेव्हा सगळंच पडद्यावर चालायचं आणि आमच्या डोंगरावर इंटरनेटच्या नावानं बोंब, म्हणून खाली गावात बहिणीकडे यावं लागलं. ही चांगली खोली एरवी उघडते ती फादर आले तर, नाहीतर घरात कुणी गेलं तर.

"यूनन, नखं बघ जरा तुझी," फिलोमेना म्हणाली. "समितीला काय वाटेल?"

"समितीला नखं दिसतात?"

"हल्ली सगळं दिसतं."

"सगळं दिसतं तर मग विचारायला कशाला बोलावलंय?"

"आता तिथं असलं काही बोलू नकोस म्हणजे मिळवलं," ती म्हणाली आणि सँडविचेसवर फडकं झाकून भिंतीशी जाऊन बसली.

हा सगळा घोळ आमच्या पुढाऱ्यांनी घातलेला. आपसांत रुसून तीन वर्षं विधानसभेला कुलूप लावून बसले. तेवढ्यात लंडनवाल्यांनी परस्पर गर्भपाताचा कायदा बदलून टाकला. मग हे कुलूप उघडून परत आले आणि म्हणाले, आम्हाला डावलून कायदा कसा केलात? आम्ही दुरुस्त करणार. दुरुस्ती अशी, की पोटातल्या बाळात मोठं व्यंग आहे एवढ्याच कारणावर गर्भपात चालायचा नाही. पण बाळ जगणारच नसेल, तर चालेल. आता जगणारच नाही आणि जगेल पण फार कठीण, यात रेघ मारायची कुठं, हे समिती तपासणार. फिलोमेनानं मला हे तीनदा समजावलं. तिन्ही वेळा मी "अस्सं" म्हटलं. कळलं काय डोंबलाचं!

आणि ती रेघ नेमकी आमच्या ऊनावरून जात होती.

ऊना आमची मुलगी. अकरा वर्षांपूर्वीची. डिंपनाचे दिवस निम्म्यावर आले होते तेव्हा डॉक्टर म्हणाले, बाळाच्या घडणीतच दोष आहे, हृदयालाही भोक आहे. पोटातच जाईल, किंवा जन्मून काही तास राहील, आणि खरं सांगायचं तर काही मुलं वर्षभरही काढतात. ठाम काही सांगता येत नाही. तेव्हा इथं कायद्यानं काही करता यायचंच नाही. ज्यांना करायचं ते गुपचूप जहाजानं समुद्रापलीकडे, इंग्लंडात लिव्हरपूलला जायचे. आम्ही गेलो नाही. ऊना आली, चार दिवस राहिली आणि गेली. ते चार दिवस कुणी मला परत दिले तर मी सगळा कळप सोडून देईन. खोटं नाही सांगत. सगळी आळी म्हणाली, काय श्रद्धा यूनन आणि डिंपनाची! मलाही ते गोड लागलं.

म्हणून फिलोमेनाच्या गर्भपातविरोधी संघटनेला साक्षीसाठी कुणीतरी हवं होतं तेव्हा तिला दुसरं नाव सुचलंच नाही. तिनंच मला चार ओळी लिहून दिल्या. पहिलीच ओळ होती, "आम्ही आमच्या मुलीला निवडलं." डिंपनाला येतेस का विचारलं तर ती कणीक मळत होती. सोडा ब्रेडची. म्हणाली, "येईन." आणि मळत राहिली.

त्या "येईन"नं माझी झोप उडाली. अकरा वर्षं झाली, ऊनाचं नाव आमच्या घरात फक्त तिच्या पुण्यतिथीच्या प्रार्थनेला निघतं. बाकी हूं की चूं नाही. मला वाटायचं, दुःख आहे, झाकलेलं बरं. पण आता समितीपुढे ही काय बोलणार? समजा म्हणाली, ते चार दिवस मला नकोच होते, तर मग माझ्यापाशी उरलं काय? मला एवढीच धास्ती होती. कायदा गेला चुलीत.

तर समिती उगवली. चौकटीचौकटीत माणसं. एकाच्या मागे स्वयंपाकघर, एकीच्या मागे पुस्तकं. अध्यक्षबाई भल्या वाटल्या, केस पांढरे, आवाज मऊ. मी कागद सरळ केला. तेवढ्यात त्या म्हणाल्या, "आधी मिसेस डेव्हाइन बोलतील का?"

झालं! फिलोमेनानं तर सांगितलं होतं आधी मी. मी तिच्याकडे बघितलं, तिनं मला डोळे वटारले, जसा काही माझाच दोष. तिकडे तिचा कुत्रा दारावर पंजे मारून भुंकायला लागला, म्हणून ती लगबगीनं पुढे वाकली, कॉम्प्युटरवर काहीतरी दाबलं आणि कुत्र्याला बाहेर घालवून परत भिंतीशी बसली.

डिंपना बोलायला लागली. पडद्याकडे बघतच नव्हती, मांडीवरच्या हातांकडे बघत होती.

"आम्ही निवडलं असं सगळे म्हणतात. माझा नवराही म्हणतो. मी काही निवडलं नाही. मला कुणी विचारलंच नाही. डॉक्टर म्हणाले इथं काही करता येत नाही, आणि दाराकडे बघायला लागले. मग मी ते पोट घेऊन चार महिने हिंडले. दुकानात बायका विचारायच्या, कधीची तारीख? मी हसून सांगायचे."

मी गार पडलो. पडद्यावर अध्यक्षबाई हात हलवायला लागल्या. मला वाटलं, थांब म्हणतायत. दुसरा एक दाढीवाला सभासद कानाला हात लावत होता. मला वाटलं, त्याला ऐकवत नाहीये. आयला, साक्षीला बोलावता आणि बोललं की हात हलवता? माझं डोकंच तापलं. पण डिंपनाचं लक्षच नव्हतं.

"रोज रात्री मी देवाला म्हणायचे, हिला आताच घेऊन जा. आजच संपव. रोज म्हणायचे. आणि मग ती आली. मुठी घट्ट मिटलेल्या. मी तिला खाली ठेवलं नाही. नर्सलासुद्धा दिलं नाही. माझा जीव होता ती. हे दोन्ही खरं आहे. तेव्हा कुणी विचारलं असतं तर मी काय म्हटलं असतं, मला अजून ठाऊक नाही. पण विचारलं नाही कुणी. तुम्ही कायदा कसाही करा, पण माझ्या लेकीला पुढे करून करू नका. या बाजूनंही नको आणि त्या बाजूनंही नको."

ती थांबली. फिलोमेनाच्या हातातला रुमाल खाली पडला होता. पडद्यावर अध्यक्षबाईंनी एक कागद वर धरला होता. त्यावर जाड अक्षरांत लिहिलं होतं, तुमचा आवाज बंद आहे.

फिलोमेना धावत आली आणि तिनं ते बटण परत दाबलं.

"मिसेस डेव्हाइन, माफ करा हं," अध्यक्षबाई म्हणाल्या, "आम्हाला एक शब्दही ऐकू आला नाही. पुन्हा पहिल्यापासून सांगाल का?"

अकरा वर्षांनी बोलली माझी बायको, आणि ऐकणारी दोघं. एक मी, एक फिलोमेना. मला हसावं की रडावं कळेना. डिंपना मात्र शांत होती.

"नाही," ती म्हणाली. "एकदा बोलले. हा ऐकत होता. हा सांगेल."

आणि माझ्याकडे बघितलं.

माझ्या हातात तो कागद. आम्ही आमच्या मुलीला निवडलं. मी तो वाचला असता तर कुणी काही म्हटलं नसतं. फिलोमेना भिंतीशी खाली मान घालून उभी होती, तिनंही डोळे वटारले नाहीत. मी कागदाची घडी केली आणि खिशात घातली.

"माझी बायको म्हणते," मी सुरुवात केली, आणि माझा आवाज मलाच ओळखू येईना, "माझी बायको म्हणते, तिला कुणी विचारलं नाही." मग दुकानातल्या बायकांचं सांगितलं. दाराकडे बघणाऱ्या डॉक्टरांचं सांगितलं. मिटलेल्या मुठींचंही सांगितलं. ऊनाला पुढे करू नका, तेही.

"तू एक गाळलंस," डिंपना म्हणाली. आता आवाज चालू होता. "मी रोज देवाला म्हणायचे, हिला घेऊन जा. तेही लिहा."

मग दाढीवाल्यानं घसा खाकरला. "मिस्टर डेव्हाइन, समितीला नीट कळावं म्हणून विचारतो. तुमची मुलगी जगणारच नव्हती, की गंभीर व्यंगासह जगली असती? डॉक्टरांनी कशात धरलं होतं? कारण ती पहिल्या गटात असेल, तर हे विधेयक तुम्हाला लागूच होत नाही."

"चार दिवस जगली," मी म्हटलं. "ते कशात बसतं?"

तो कागद चाळायला लागला. त्याला मिळालं नाही.

"आणि विधेयकाला तुमचा पाठिंबा आहे असं समजू का?" अध्यक्षबाईंनी हळूच विचारलं.

"बाई, सकाळी येताना होता," मी म्हटलं. "आता मला काही कळत नाही. असं लिहिता येतं का?"

"येतं," त्या म्हणाल्या, आणि लिहिताना दिसल्या.

फिलोमेनानं सँडविचेस डब्यात भरून दिली. दारात डिंपनाचा हात धरून उभी राहिली आणि म्हणाली, "हॅममध्ये मोहरी घातलीय, तुला आवडते तशी." डिंपना म्हणाली, "बरं केलंस."

मग आम्ही गाडीनं डोंगर चढायला लागलो. अर्ध्यावर एक मेंढी मधोमध ठाण मांडून उभी, म्हणून गाडी थांबवली. मी हॉर्न वाजवला नाही.

"ते एकच का गाळलंस?" डिंपनानं विचारलं.

मला सांगायचं नव्हतं. वेडपटपणा वाटेल असं कारण होतं. पण आता आणखी काय लपवायचं?

"मला वाटलं, ऊनाच्या कानावर जाईल," मी म्हटलं.



"तिनं ते तेव्हाच ऐकलंय, यूनन," ती म्हणाली. "माझ्या आतच होती ना ती. रोज ऐकायची. आणि तरी आल्यावर माझं बोट धरून ठेवलं तिनं."