बाई डॉक्टर घरी आहेत

फोन आला तेव्हा घरात रोजचीच सकाळची धांदल चालली होती. सासरे वर्तमानपत्राला कोणाला हात लावू देत नव्हते, टिल्लू शाळेचा एक मोजा घालून दुसरा शोधत होती आणि तिचे बाबा, म्हणजे हाडांचे डॉक्टर, स्वतःचे दोन्ही मोजे शोधत होते. ते नेहमीप्रमाणे त्यांच्या बायकोला सापडले. बायकोही डॉक्टरच, बाळंतपणं करणारी. परदेशात भूकंप-पूर आला की धावून जाणाऱ्या स्वयंसेवी पथकात दोघांची नावं होती. प्रशिक्षणही दोघांनी एकत्र घेतलं होतं, आणि त्यात ती आपल्यापेक्षा सरस ठरली हे नवरा चारचौघांत कौतुकानं सांगायचा.

फोन पथकप्रमुखांचा होता. शेजारच्या देशात मोठा भूकंप झाला होता.

"डॉक्टर, दुपारचं विमान आहे, बॅग भरा. आणि वहिनींचं घरी विचारून सांगा. घरच्यांची हरकत नसेल तरच हं."

डॉक्टरांच्या जाण्याला कोणाची हरकत आहे का, हे त्यांनी विचारलं नाही. पुरुषांच्या बाबतीत ते विचारायची पद्धतच नव्हती. बाईचं नाव मात्र घरून होकार आल्याशिवाय पुढे सरकत नसे. प्रमुख सज्जन माणूस, बायकांच्या काळजीपोटीच हे करत. आपल्याकडे बायकांवरचे पुष्कळ अन्याय असे काळजीपोटीच होतात.

नवऱ्याने फोनवर हात ठेवून निरोप सांगितला आणि आईकडे पाहिलं. बायकोकडे नाही.

"दोघंही? डोकं ठिकाणावर आहे का?" सासूबाई म्हणाल्या. "तू जा बाबा, तुझं वेगळं. पण हिने पोरीला टाकून जायचं? तिकडे जमीन अजून हलतेय म्हणतात."

"आई, जमीन यांच्याही पायाखाली हलणारच की."

"मला शब्दांत पकडू नकोस. पोरीला आई लागते. लोक तोंडात शेण घालतील आपल्या."

"या वेळी राहू दे ना," नवरा पुटपुटला, "पुढच्या खेपेला बघू." आणि फोनवर म्हणाला, "मी एकटाच येतो."

संताप गिळून तिने त्याची बॅग भरली. बाळंतपणाची इंजेक्शनं हाताला लागतील अशी वरच ठेवली. दुपारपर्यंत सासऱ्यांनी झाडून सगळ्या नातेवाइकांना फोन केले. मुलगा परदेशी निघाला, जिवावर उदार होऊन! सगळ्यांचा ऊर भरून आला. सूनही जाऊ शकली असती, हे कोणाच्या ध्यानीमनीही नव्हतं.

दोन-तीन दिवसांनी, ती इस्पितळातून येऊन ओट्याशी भाजी चिरत होती तेव्हा त्याचा फोन आला. हात ओले होते, म्हणून तिने स्पीकर लावून फोन ओट्यावर ठेवला. सासूबाई शेजारीच होत्या.

"ऐक, घाई आहे," त्याला धाप लागली होती. "बाळंतीण आहे. मूल झालंय, पण वार पडत नाही आणि रक्त थांबत नाही. बायकांच्या तंबूत मला घेत नाहीयेत. दाराशी तिची सासू उभी आहे, पुरुषाचा हात लागू देणार नाही म्हणते. आणि आमच्यात बाई एकही नाही."

तिने सुरी बाजूला टाकली. "दुभाषा आहे ना? मी सांगते तसं त्या सासूला सांगायला लावा. इंजेक्शन भरून तिच्या हातात द्या. मांडीत, सरळ टोचायचं."

पलीकडे दुभाष्याचा आवाज, मग एका म्हातारीचा, रडवेला. "दिलं," नवरा म्हणाला.

"आता बेंबीच्या खाली हात ठेवून पोट जोरात चोळायला सांगा. दगडासारखं घट्ट लागलं पाहिजे."

"नाही लागत म्हणते. मऊच आहे. चादर भिजलीय."

"मग हात घालून वार काढावी लागेल. तुम्ही आत जा! हातापाया पडा त्यांच्या!"

"पडतोय गं! मघापासून पडतोय!" तो ओरडला. मग दुभाषा काहीतरी बोलला.

"काय म्हणतात त्या?"

"विचारतायत," तो म्हणाला, "तुमच्या देशात बाई डॉक्टर नसते का?"

"सांगा त्यांना," ती म्हणाली, "असते म्हणावं. घरून परवानगी मिळाली नाही."

तो हे म्हातारीला सांगू शकला की नाही, कोण जाणे. फोनमधून बायकांचा हंबरडा ऐकू आला. त्याच्या आत कुठेतरी ते नवं मूल किंचाळत होतं.

सासूबाईंनी अर्धवट चिरलेली भाजी पुढ्यात ओढली. म्हणाल्या, "त्या बाईने अडवलं नसतं तर वाचली असती बिचारी."

"त्यांनी पुरुषाला अडवलं, आई. बाईला आपण अडवलं."

"मला काय ठाऊक होतं असं होईल? मी तुझ्याच भल्यासाठी..."

"ठाऊक आहे. त्याही तिच्या भल्यासाठीच उभ्या होत्या."

तिने हात पुसले आणि पथकप्रमुखांना फोन लावला. त्या तंबूत काय झालं ते एका दमात सांगितलं. त्यांनी काही विचारायच्या आत म्हणाली, "दुसऱ्या तुकडीबरोबर मी येतेय. इस्पितळातल्या दोन नर्सही तयार होतील. त्यांच्या घरी फोन करू नका, त्यांनाच विचारा." प्रमुख म्हणाले, "बरं."

"मी निघतेय," ती सासूबाईंकडे वळून म्हणाली. "विचारत नाहीये, सांगतेय. टिल्लूची शाळा, डबा तुम्ही आणि बाबा बघाल, याची मला खात्री आहे. नाही बघितलंत तरी मी जाणार."

सासूबाईंनी आवाज ऐकून आलेल्या टिल्लूला घट्ट जवळ ओढलं.

विमान सुटलं तेव्हा घरून होकार आलेला नव्हता. वाचकहो, तो अजूनही आलेला नाही. तिकडे बायकांच्या तंबूबाहेर गरोदर बायकांची रांग लागली आहे, आणि आत एक बाई डॉक्टर त्यांना तपासते आहे.