राखणदाराच्या पानावरची बिस्किटं

दव असतानाच कुळीथ उपटला तर शेंग फुटत नाही, म्हणून धोंडू परब सकाळी सातलाच मळ्यात वाकला होता. माघातली थंडी होती. भात कापल्यावर जमिनीत जी ओल राहते तिच्यावरच हे पीक येतं, वरून पाणी लागत नाही. दरवर्षी या मळ्यात चार हात असत. यंदा दोन होते, त्यामुळे मळा दुप्पट लांब झाला होता. कुळीथ उपटणाऱ्याने त्यावर विचार करून उपयोग नसतो. धोंडू उपटत होता.

त्याची बायको सत्यवती आषाढात गेली. पाच महिने अंथरुणावर होती, घरातच, माजघराच्या मागच्या खोलीत. तेराव्यानंतर धोंडूने त्या खोलीला कडी घातली ती अजून काढली नव्हती. घरात आता तो आणि बुधल्या. बुधल्या म्हणजे कुत्रा. सत्यवतीने अकरा वर्षांपूर्वी कुडाळच्या बुधवारच्या बाजारातून पिशवीत घालून आणला, म्हणून बुधल्या. कुत्रा तिचाच. धोंडूला तो घरातला दुसरा माणूस समजून वागवायचा, म्हणजे फारसं ऐकायचा नाही.

साडेसातच्या सुमाराला बुधल्या मेरेवरून, मळ्याच्या बांधावरून, येताना दिसला. चार पायांनी चार वेगळ्या वाटा धरल्या होत्या. मेरेच्या मधोमध तो थांबला, डोकं खाली घातलं, मागचा भाग एका बाजूला गेला आणि सगळा कुत्रा मळ्यात पडला. उठला. पुन्हा पडला. पडल्या पडल्या त्याला लघवी झाली आणि ती झाल्याचं त्याला कळलंही नाही.

धोंडूने हातातली जुडी खाली ठेवली. जवळ जाऊन त्याने डोक्यावरून हात फिरवायला हात पुढे केला, तर बुधल्या कोणी काठी उगारावी तसा दचकला. ज्या हातचं अकरा वर्षं खाल्लं त्याच हाताला.

धोंडूने त्याला उचलून अंगणात आणलं आणि गोणपाटावर ठेवलं. शेजारच्या घरातून लक्ष्मीवयनी आली. ही त्याच्या मयत चुलतभावाची बायको, सत्तरीची, वाडीत कोणाच्या घरी काय झालं ते त्या घरच्या माणसाच्या आधी हिला कळतं.

"काय झाला ह्येका?"

"पडलो मेरेर."

"जनावरान चावल्यान काय?"

"खंयच दात दिसत नाय." साप चावल्याची खूण धोंडूने आधीच शोधली होती.

लक्ष्मीवयनी कमरेवर हात ठेवून कुत्र्याकडे बघत राहिली. कुत्रा तिच्या पलीकडे कुठेतरी बघत होता.

"भावजीनू, मी बोललंय तर तुमका राग येतलो."

"मग बोला नको."

"सात अवसे झाल्या. राखणदाराचा पान खंय आसा? सत्यवती होती तवसर एक अवस चुकली नाय. ती गेली आणि तुमी पान ठेवचाच बंद केल्यात. तो किती दिवस गप रवतलो?"

हे खरं होतं.

त्यांच्या जागेचा राखणदार मळ्याच्या वरच्या कोपऱ्यात, कुंभ्याच्या झाडाखाली आहे. म्हणजे एक काळा पाषाण आहे. दर अमावास्येला केळीच्या पानावर भाताचा मुटका, खोबऱ्याची कातळी आणि एक विडी ठेवायची. घरातल्या पुरुषाने गाऱ्हाणं घालायचं, बाकीच्यांनी 'व्हय म्हाराजा' म्हणायचं, आणि मागे वळून न बघता घरी यायचं. परबांच्या घरात बाकीचे म्हणजे सत्यवती; अंथरुणावर होती तेव्हाही ती खोलीतूनच 'व्हय' म्हणायची. मागे बुधल्या राहायचा आणि विडी सोडून सगळं खायचा. धोंडूला ते पटत नसे. सत्यवती म्हणायची, "राखणदाराक तोंड खंय आसा? तो ह्येच्या तोंडान खाता." ती गेल्यावर गाऱ्हाणं घालायचं म्हटलं तर 'व्हय' म्हणायला माणूस नव्हतं. एकट्याने गाऱ्हाणं घालणं म्हणजे बंद दारावर हाका मारण्यासारखं. म्हणून पान बंद झालं. बुधल्या मात्र रोज सकाळी पाषाणाकडे जाऊन बघून यायचा.

"देवळात जावन कौल लावया," लक्ष्मीवयनी म्हणाली. "तवसर ह्येका चिचेचा पाणी पाजतंय."

तेवढ्यात वाटेवर स्कूटर वाजली. तो आवाज झाला मात्र, बुधल्याचं सगळं अंग उडालं. आलेल्या होत्या सुमय्या डॉक्टर, सरकारी गुरांच्या दवाखान्यातल्या. मालवणातल्याच, बंदरावरच्या घरातल्या. लक्ष्मीवयनीच्या गाईच्या कानात बिल्ला मारायला आज येणार होत्या. गाय राहिली गोठ्यात, डॉक्टर सरळ अंगणात आल्या आणि गोणपाटाशी बसल्या. कामावर असताना त्या शुद्ध बोलत.

"पाणी पाजू नका. चिंचेचं नको, ताक नको, काहीच नको. ह्याला गिळता येत नाही, छातीत जाईल."

त्यांनी बॅटरी काढून बुधल्याच्या डोळ्यांत मारली. तोंडासमोर हात हलवला, तो दचकला. मांडीच्या आतल्या बाजूला बोटं ठेवून घड्याळात बघितलं.

"काजूला फवारणी केलीत?"

"परवा केल्लंय," धोंडू म्हणाला. "ताच खाल्ल्यान काय?"

"ते खाल्लं असतं तर डोळ्यांतल्या बाहुल्या टाचणीएवढ्या झाल्या असत्या. ह्याच्या बघा, केवढ्या मोठ्या आहेत. अंग थंड आहे. ठोके अठ्ठेचाळीस, सत्तरच्या वर पाहिजेत." त्यांनी बॅटरी बंद केली. "धोंडूकाका, तुमच्याकडे गांजा कोण ओढतं?"

लक्ष्मीवयनी खाली बसली.

"राखणदार विडी वडता," ती म्हणाली. "गांजो नाय वडणा."

"ओढला नाही, ह्याने खाल्लाय. सकाळी कुठे गेला होता?"

 धोंडू उठला आणि मळ्यातून वर कुंभ्याच्या झाडाकडे गेला. पाषाणासमोर केळीचं पान होतं. नीट धुतलेलं, देठ भलत्या बाजूला. पानावर एक विडी, चांदीच्या कागदाचा तुकडा आणि बिस्किटाचा चुरा. चुऱ्याला मुंगळे लागले होते. मुंगळे धडधाकट दिसत होते. चांदीचा कागद घेऊन तो खाली आला आणि अंगणात न थांबता दगडी गडग्यापलीकडच्या शेजाऱ्याला, गुरुप्रसादला, हाक मारली.

गुरुप्रसादचं घर दोन वर्षांपूर्वीपर्यंत धोंडूच्या घरासारखंच होतं. मग त्याने मागे तीन खोल्या बांधल्या. तारकर्ली-देवबागच्या किनाऱ्यावर जागा मिळाली नाही की पर्यटक त्याच्याकडे येत. तो टॉवेल झटकत गडग्याशी आला.

"तुज्या पावण्यांनी राखणदाराक काय ठेवल्यानी?" धोंडूने विचारलं.

"माज्या पावण्यांनी? काय नाय. बऱ्या घरची पोरा ती. सकाळीच गेली."

"ह्यो कागद कोणाचो?"

"कागद खंयसूनय येता, काका. वाऱ्यान येता."

"आणि केळीचा पान? ताय वाऱ्यान इला?"

गुरुप्रसाद टॉवेलाकडे बघू लागला. तेव्हा सुमय्या डॉक्टर उठून गडग्याशी गेल्या, आणि त्यांनी शुद्ध बोलणं अंगणातच ठेवलं.

"हे बघ रे. मी पोलीस नाय. माका तुजी खोली बघूची नाय, तुजे पावणेय नकोत. माका दोनच गोष्टी होये. बिस्कुटात चॉकलेट होता काय, आणि ह्येणा किती खाल्ल्यान. चॉकलेट आसला तर काळजाक वेगळा औषध लागता. नसला तर ता औषध देवन मी ह्येका मारतलंय. अकरा वर्साचो कुत्रो आसा. फोन लाव."

"डॉक्टर, माजा नाव खंय इला तर—"

"गुरु," धोंडू म्हणाला. "ह्यो सत्यवतीचो कुत्रो."

एवढंच. आवाज चढवलेला नव्हता. सत्यवतीने या गुरुप्रसादला त्याच्या आईच्या दुखण्यात सहा महिने जेवू घातलं होतं, पण ते धोंडू बोलला नाही. गुरुप्रसादने फोन लावला आणि सगळ्यांना ऐकू येईल असा धरला.

पलीकडे एक मुलगी होती. आधी तिला वाटलं, चार्जर विसरला म्हणून फोन आलाय. मग ती घाबरली. मग म्हणाली, "अहो दादा, पण आम्ही श्रद्धेनेच ठेवलं होतं. तुम्हीच रात्री जेवताना सांगितलं ना, राखणदाराला विडी चालते, दारू चालते. आमच्याकडे दोनच उरली होती, ती पण त्यांना दिली. नमस्कार केला सगळ्यांनी."

"चॉकलेट होतं का?" डॉक्टरांनी विचारलं.

"नाही. ओट्स आणि गूळ."

"किती कडक होती?"

"एक माणूस अर्धं खातो, मॅडम. कुत्रा बरा आहे ना?"

डॉक्टरांनी फोन गुरुप्रसादच्या हातात परत दिला. "चार माणसांचा ऐवज," त्या म्हणाल्या, "अठरा किलोच्या कुत्र्यात."

"माणसा खातत तेंका काय होणा नाय," लक्ष्मीवयनी म्हणाली, "मग ह्येकाच कसा?"

"मेंदूच्या मागे तोल सांभाळणारा भाग असतो. त्या झाडाचा रस जिथे जाऊन बसतो त्या जागा कुत्र्याच्या त्या भागात माणसापेक्षा पुष्कळ जास्त असतात. माणूस हसत बसतो. कुत्र्याला उभं राहता येत नाही, मूत धरता येत नाही, साध्या आवाजाची भीती वाटते. मांजराचं आणखी वेगळं. गेल्या साली आरोंद्याला एका मांजराने कुंडीतली पानं खाल्ली, दोन दिवस कपाटावर बसून ओरडत होतं."

"मांजर तसाय वराडताच."

डॉक्टरांनी बुधल्याच्या पुढच्या पायाला सलाईन लावलं. उलटी काढायची वेळ गेली होती. यावर उतारा असा नसतो, त्या म्हणाल्या, अंगातून जाईपर्यंत सांभाळायचं. अंगावर गोधडी घाला. दोन-दोन तासांनी कूस बदला. ठोके मोजा, चाळीसच्या खाली गेले तर फोन करा, कितीही वाजलेले असोत. "आणि अंधारी, आवाज नसलेली खोली पाहिजे. आहे का घरात?"

लक्ष्मीवयनीने धोंडूकडे बघितलं आणि मग तुळशीकडे.

"आसा," धोंडू म्हणाला.

कडी गंजली होती, दगडाने ठोकून काढावी लागली. आत कोंदट वास होता. खाट होती. फळीवर सत्यवतीच्या औषधांच्या रिकाम्या बाटल्या तशाच होत्या, आणि त्यांच्या मागे एक लहान काळी बाटली, न फोडलेली. सत्यवतीचा भाचा ती गोव्याहून घेऊन आला होता. याच झाडाचं तेल, दुखणं कमी होतं म्हणत होता. धोंडूने त्याला ओटीवरूनच परत पाठवलं होतं. "माज्या घरात गांजो येवचो नाय," म्हणाला होता. तरी बाटली आत आली होती, हे त्याला आज कळलं. सत्यवतीने ठेवून घेतली होती, आणि त्याने नाही म्हटलं म्हणून फोडली नव्हती.

गुरुप्रसादने बुधल्याला उचलून आणलं, लक्ष्मीवयनीने सलाईनची बाटली धरली. खाटेवरच निजवला. डॉक्टरांनी सलाईन खिडकीच्या गजाला अडकवलं.

"डॉक्टर," धोंडू म्हणाला, "ह्येका आता दुखता काय?"

"नाही. आत्ता काहीच दुखत नसेल."

"माणसाचाय तसाच काय?"

डॉक्टरांनी फळीवरची बाटली बघितली. 

"मी जनावरांची डॉक्टर, धोंडूकाका. माणसाचं मला सांगता येणार नाही."

"बरा," धोंडू म्हणाला.

तो दिवसभर खाटेशी बसला. बुधल्याच्या मांडीला बोटं लावायची, भिंतीवरच्या घड्याळाकडे बघायचं, मोजायचं. शेहेचाळीस. चव्वेचाळीस. दुपारी एकदा एक्केचाळीस झाले, तेव्हा त्याने फोन मांडीवर घेतला आणि पुन्हा मोजले. त्रेचाळीस. सत्यवतीच्या वेळेला त्याला काही मोजायला सांगितलं नव्हतं. तो नुसता बसून असायचा. काम असलं की बसणं सोपं जातं, हे त्याच्या ध्यानात आलं. बाहेर गुरुप्रसाद आणि लक्ष्मीवयनी मळ्यातला उरलेला कुळीथ उपटत होते. सांगितलं नव्हतं कोणी. गुरुप्रसाद वाईट उपटत होता, दव कधीच वाळलं होतं आणि शेंगा फुटत होत्या, ते आवाजावरून कळत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ठोके बासष्ट होते. दुपारी बुधल्याने डोकं उचललं. संध्याकाळी खाटेवरून उतरला, भिंतीला घासत दारापर्यंत गेला आणि तिथे, अगदी शुद्धीवर असताना, उंबऱ्यावर मुतला. धोंडूने ते पुसलं. तिसऱ्या दिवशी त्याने भात-मासळी खाल्ली आणि धोंडूचं ऐकणं बंद केलं. डॉक्टर येऊन बघून गेल्या, जाताना लक्ष्मीवयनीच्या गाईला बिल्ला मारला.

"राखणदारान आपला काम केल्यान," लक्ष्मीवयनी म्हणाली. "खोली उघडूक लायल्यान."

"राखणदारान नाय. बिस्कुटान."

"बिस्कुट कोणाच्या पानार होता?"

 खोलीला धोंडूने पुन्हा कडी घातली नाही. बाटली फळीवरच ठेवली.

अमावास्येला त्याने भात केला. मुटका थोडा सैल झाला. पान, खोबऱ्याची कातळी, विडी घेऊन तो उन्हं कलताना कुंभ्याखाली गेला. बुधल्या मागोमाग होता. आणि गडग्यावरून उडी मारून गुरुप्रसाद आला, चप्पल लांब काढून, हात जोडून चार पावलं मागे उभा राहिला. त्याला बोलावलेलं नव्हतं. धोंडूने वळून बघितलं नाही.

"बा राखणदारा म्हाराजा," धोंडूने सुरू केलं. आवाज बसला होता, इतक्या महिन्यांनी काढलेला. "सात अवसे चुकल्या, ता माज्यार घे, मुक्या जनावरार घेव नको. तुज्या पानार परक्या माणसान काय ठेवल्यान तर आधी तू वास घे, मगे ह्येका खावक दी. आणि जी गेली, तिका खंय काय दुखत आसला तर..."

पुढचं त्याला सुचेना. तो थांबला.

"व्हय म्हाराजा," गुरुप्रसाद मागून म्हणाला.

जरा उशिरा म्हणाला. सत्यवती इतका उशीर लावत नसे. पण म्हणाला.

धोंडूने विडी सरळ केली आणि दोघे मेरेवरून खाली निघाले. मागे वळून बघायचं नसतं. मागून बुधल्याच्या खाण्याचा आवाज येत होता.