गाडी गेली होती

मानसिंगचं डोकं डिकीत होतं, पोट मागच्या सीटच्या जागी आणि पाय गाडीच्या दाराबाहेर. कोपरखैरण्याच्या त्या गल्लीत रविवारी सकाळी बघण्यासारखं फारसं काही नसतं. त्यामुळे येणारेजाणारे पायांपाशी थांबत आणि हे कोण म्हणून विचारत. शेजारचा हरेश प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून पायांची ओळख करून देत होता. हरेश मूळ गावठाणातला, खोल्या भाड्याने देऊन निवांत झालेला. सल्ला द्यायला त्याला सवड असे आणि तो फुकट देई.

“डिकी उघडंल तवा उघडंल,” तो पायांना म्हणाला, “पन तुला बाहेर कोन काढल? तुजं वजन किती हाय?”

हा प्रश्न मानसिंगला सहसा कुणी विचारत नसे. मानसिंग तुर्भ्याच्या घाऊक बाजारात तोलणार म्हणून कामाला होता. हयात कांद्याच्या गोणी तोलण्यात गेल्यामुळे समोर काहीही आलं की त्याच्या तोंडून त्याचं वजन निघे. ही विद्या बाजारात ठीक होती. भाचीच्या, म्हणजे ज्ञानेश्वरीच्या पहिल्या स्थळाच्या बैठकीतही ती निघाली. मुलाची आई सोफ्यावर बसता बसता मानसिंगने कौतुकाने आकडा सांगितला. आकडा बरोबर होता. स्थळ मात्र पोहे खाऊन गेलं ते गेलंच. घरातल्यांनी तेव्हा फार मनावर घेतलं नाही, निदान मानसिंगचा तसा समज होता.

डिकी अडकली त्याला आठवडा झाला होता. धाकटा भाऊ शिवतेज गाडी मागून घेऊन गेला होता. त्याची स्वतःची सर्व्हिसिंगला होती आणि साहेबाला घेऊन साताऱ्याकडे साइटवर जायचं होतं. शिवतेज बेलापूरला सरकारी ऑफिसात अधिकारी. घरातलं शेंडेफळ, त्याचं नावसुद्धा मानसिंगनेच शाळेतल्या नाटकातून उचलून ठेवलेलं. गाडी परत आली तेव्हा धुतलेली होती, टाकी भरलेली होती, फक्त डिकी उघडत नव्हती. सीटखालची दांडी ओढली की आत ‘टक्’ असा आवाज येई आणि झाकण जागचं हलत नसे.

“दादा, तू हात लावू नको,” शिवतेज म्हणाला होता. “मी नेतो शोरूमला. टेन्शन घेऊ नको.”

आणि मग एक नवल घडलं. एरवी मानसिंग तापाने फणफणला तरी ‘गोळी घे’ म्हणून फोन ठेवणारी माणसं त्याच्या गाडीची चौकशी करू लागली. शिवतेज रोज विचारी, डिकीला कुणी हात तर लावला नाही ना. गावाहून बहीण बाळाबाईचा, म्हणजे ज्ञानेश्वरीच्या आईचा फोन आला. गुडघे, पाऊसपाणी, म्हैस असं सगळं झाल्यावर तिनेही डिकीचं विचारलं. बाळाबाईला डिकी कुठल्या बाजूला असते हे तरी ठाऊक होतं की नाही, देव जाणे. बायको जयमाला तर म्हणाली, “ऱ्हाऊ द्या की बंद. काय अडलंय?” मानसिंगला भरून आलं. माणसं शेवटी आपली ती आपली, असं तो हरेशला म्हणालाही होता.

अडलं ते शुक्रवारी. तुर्भ्याला ट्रकांच्या गर्दीत पुढचं चाक बसलं आणि स्टेपनी डिकीत. टायरवाल्याने तेच चाक कसंबसं ठिगळ लावून दिलं, पण ते रात्रीत पुन्हा हवा सोडी. म्हणून आज मानसिंगने मागची सीट उचकटली होती आणि मोबाईलचा उजेड दातांत धरून तो आत शिरला होता.

“कापड अडकलंय कुलपात,” तो मोबाईल तोंडातून काढून आतून म्हणाला. “हरेशभाऊ, मी आतनं दाबतो, तुमी दांडी वढा.”

हरेश नाइलाजाने उठला. मानसिंगने स्क्रू-ड्रायव्हर कुलपाच्या जिभेखाली घातला, कापडाचं टोक धरलं आणि खांद्याने झाकण वर रेटलं. दांडी ओढली गेली. कापड फाटल्याचा आवाज आला, डिकी धाडकन उघडली आणि मानसिंगच्या डोक्यावर स्वच्छ ऊन पडलं.

उजेडात त्याला आधी स्वतःचा हात दिसला. हातात फेट्याचा शेमला होता. केशरी, जरीकाठी, काठाला आता काळं ग्रीस लागलेलं. फेटा बांधलेलाच्या बांधलेला होता, घाईत काढून फेकला की पडतो तसा स्टेपनीवर कलंडलेला. शेजारी पेढ्यांचे दोन रिकामे खोके, साताऱ्याच्या एका मंगल कार्यालयाची पिशवी, ओटीचे सांडलेले तांदूळ आणि हळद लागलेला एक नारळ.

हरेश मागे येऊन उभा राहिला होता. ह्या गोष्टींचा अर्थ लावायला त्याला कुणाच्या मदतीची गरज नव्हती.

“साखरपुडा व्हता का कोनाचा?”

“भाचीचा,” मानसिंग म्हणाला.

“तुज्या ज्ञानूचा? हितं ऱ्हायची ती?”

“हां.”

“मंग तू नाय गेलास?”

मानसिंग सीटवरून मागे सरकत, एकेक अवयव सोडवत बाहेर आला. मोबाईल टपावर ठेवला, गुडघे झटकले.

“गाडी गेलती की,” तो म्हणाला.

ही गाडी त्याने घेतली होती तीच मुळी ज्ञानूसाठी. ती फार्मसीच्या कॉलेजात असताना त्याच्याकडे राहिली होती. परीक्षेच्या दिवसांत कांद्याच्या वासाच्या ह्या गाडीत बसून ती नेरूळला जाई आणि वासाबद्दल एक अक्षर बोलत नसे. तिला नोकरी लागली त्या वर्षी मानसिंगने साताऱ्याहून फेट्याचं कापड आणलं. कार्यालयातले तयार फेटे टोपीसारखे डोक्यावर ठेवायचे असतात. मामाने भाचीच्या पाठीशी उभं राहायचं तर डोक्याला नीट बांधलेलं काही हवं. ते कापड त्याने जयमालाजवळ दिलं आणि जयमालाने लोखंडी कपाटात ठेवलं. कपाटाची किल्ली तिच्या गळ्यातल्या काळ्या पोतीत असते. आंघोळीलाही ती काढत नाही.

शेमल्याच्या कोपऱ्यावर गंजाचा एक तांबूस डाग होता. असा डाग घरातल्या प्रत्येक चांगल्या कपड्यावर होता. कपाट जुनं होतं.

जयमाला दोन कप चहा घेऊन दारात आली. उघडी डिकी बघून पायरीवरच थांबली. हरेशला एकाएकी टायरमध्ये रस निर्माण झाला आणि तो पुढच्या चाकाशी जाऊन बसला.

“उघडली व्हय,” ती म्हणाली.

“उघडली.”

ती चहा सांभाळत खाली आली आणि आठवडाभर साठवलेलं सगळं हळू आवाजात बोलून गेली. कऱ्हाडची माणसं होती, मोठं घर. मागच्या वेळेसारखं होऊ नये म्हणून सगळ्यांनी मिळून ठरवलं. मामा एकच सांगितला होता, बेलापूरचा. नंतर लग्नात दोन मामा निघाले तर ती माणसं काय परत जाणार आहेत थोडीच. ज्ञानू रडली, मग तिलाही पटलं. आपण स्वतः गेलो नाही, हे जयमालाने दोनदा सांगितलं.

मानसिंगने फेटा उचलून टपावर ठेवला. “ह्यो तू दिलास?”

“भावजींनी आनल्याला लई हलका हुता,” जयमाला म्हणाली. “चारचौघांत मामा म्हनून हुबं ऱ्हायचं. बरं दिसाया नगं?”

मानसिंगने मान हलवली. मुद्दा बिनचूक होता. त्याने चहा घेतला, हरेशलाही नेऊन दिला. मग स्टेपनी बाहेर काढली, गाडी जॅकवर घेतली आणि चाक बदलायला बसला. जयमाला रिकामा कप न्यायला म्हणून उभी राहिली आणि कप रिकामा होऊनही उभीच राहिली.

शेवटचा नट आवळताना टपावरचा फोन वाजला. मानसिंगचे हात ग्रीसने भरलेले, म्हणून हरेशने तो स्पीकरवर लावला.

“मामा,” ज्ञानेश्वरी म्हणाली. तिच्यामागे पंख्याचा आवाज. “मामा, डिकी उघडली का?”

जयमालाने त्याच्याकडे बघितलं. हरेशने खुर्चीकडे.

“न्हाय गं,” मानसिंग म्हणाला. “अजून अडकलीया.”

“नक्की?”

“व्हय. तुजा धाकला मामा न्हेनार हाय शोरूमला. तू जेवलीस का?”

ती जेवली नव्हती. अकरा वाजले होते. जेव म्हणून त्याने तिला सांगितलं आणि हरेशने फोन बंद केला.

मानसिंगने हात पुसायला फडकं शोधलं. फडकं कुठे दिसेना, तेव्हा त्याने ते आपल्या बनियनला पुसले. मग फेटा टपावरून दोन्ही हातांनी उचलला, आत ठेवला, लोंबणारा शेमला गुंडाळून नीट आत सारला आणि झाकण खाली आणलं. कुलूप हलकेच लागलं. त्याने दांडी ओढून एकदा उघडून पाहिलं, पुन्हा लावलं.

“आता झ्याक लागतीया,” तो हरेशला म्हणाला.