शिवण शाबूत होती

दचकू नका, मित्रांनो. शेडच्या कोपऱ्यातून आत्ता जो सुस्कारा ऐकू आला, तो माझाच. मी एक जुना भाता आहे. दोन लाकडी फळ्या, त्यांच्यामध्ये घड्यांचे जाड कातडे आणि पुढे लोखंडी नळीचे तोंड, एवढाच माझा देह. तुम्हाला देवाने जन्मताच श्वास देऊन टाकला. माझा श्वास मात्र त्याने दुसऱ्याच्या हाती ठेवला. कोणी दांडा ओढला तर मी श्वास घेतो, सोडला तर टाकतो. त्यामुळे गर्व करायला मला फारसे काही उरलेच नाही. ही त्या दयाळूची माझ्यावर केवढी कृपा!

माझ्या फळ्या एका मोडक्या दारातून कापल्या आहेत. कडीची भोके बुजवल्याची खूण माझ्या पाठीवर अजून दिसते. माझे कातडे शिवले ते दाभणकाकांनी. काका आधी खोगिरे शिवत, मग पिशव्या शिवू लागले, मग पट्टे. त्यांच्या हातात सदा दाभण असे, आणि त्यांची जीभही दाभणासारखीच टोचे, म्हणून हे नाव. पण त्यांचे टोचणे कोणाला लागत नसे. उलट एखाद्या दिवशी त्यांनी टोचले नाही, तर माणसे विचारत, "काका, बरं नाही का?"

माझे घर म्हणजे आमच्या परिसराचे लोहारकाम मंडळ. नाव भारदस्त, पण सभासदांत पोटासाठी घण मारणारा एकही नाही. सुट्टीच्या दिवशी ही सारी हौशी मंडळी जुन्या मोटारदुरुस्तीच्या शेडमध्ये जमतात. अध्यक्ष दातांच्या डॉक्टरबाई. त्या म्हणत, "इथं बरं वाटतं. लोखंड तोंड उघडत नाही की ओरडत नाही." पाववाले तापलेल्या कांबीवर हातोडा असा हळुवार चालवत की काका ओरडत, "अहो, कणीक आहे का ती? किती तिंबाल!" आणि घड्याळवाले तर मंडळाचे भूषण. बाजारात त्यांचे घड्याळदुरुस्तीचे छोटे दुकान होते. लोखंडाला लोखंड जोडावे तर त्यांनीच. त्यांनी केलेला सांधा बोट फिरवूनही सापडत नसे.

कसे दिवस होते ते! मी धृपद धरायचो, घण कडवे म्हणायचा, ऐरण साथ द्यायची. भट्टीच्या काठावर चहाची किटली असायची. त्या नादात माणसे आपले हुद्दे विसरून जात. भजनात बसलेला माणूस जसा आपले घर विसरतो, अगदी तसे.

मंडळाचा एक नियम मात्र कडक होता. नव्या माणसाला पहिल्याच दिवशी तो सांगत: जोडकामाच्या विस्तवात पितळ न्यायचे नाही. लोखंडाचे दोन तुकडे पांढरेशुभ्र तापवून ऐरणीवर ठोकले की ते एकजीव होतात. पण कोळशात जरासे जरी पितळ वितळले असले, तरी लोखंड लोखंडाला धरत नाही. मग तुम्ही कितीही वारा घाला, सांधा धरावा म्हणून कितीही टाकणखार टाका. हा नियम नव्यांना कोण समजावून सांगायचे? घड्याळवाले.

आता पुढचे सांगायला माझ्या घड्या आखडतात, पण सांगतो.

दर वर्षी परिसरातली सारी लोहारकाम मंडळे एके ठिकाणी मेळावा भरवतात. त्या वर्षी सगळ्यांनी मिळून मुलांच्या बागेसाठी एक फाटक करायचे ठरले होते. त्यावरचे मोठे कडे आमच्या वाट्याला आले. कांब वाकवून तिची दोन टोके सर्वांसमोर जोडायची होती. मेळाव्यासाठी काकांनी माझी शिवण नवी करून दिली. त्यांची नजर अधू होत चालली होती. दोरा ओवताना तो पुनःपुन्हा हुके आणि काका दोऱ्यालाच शिव्या घालत. पण शिवले ते असे, की मी पोटभर श्वास घेतला तेव्हा मलाच नवल वाटले.

मेळाव्याच्या दिवशी सगळ्यांच्या आधी आले घड्याळवाले. त्यांनी मैदानात भट्टी पेटवली. त्यांच्या खिशात एका भिंतीवरच्या घड्याळाची पितळी किल्ली होती. तिचे तोंड फाकले होते, ते तापवून जरा आवळायचे होते. विस्तव पेटलेला, गिऱ्हाइकाची घाई, आजूबाजूला कोणी नाही. त्यांनी किल्ली सांडशीत धरली आणि एका हाताने माझा दांडा ओढू लागले. सांडशी सरकली. किल्ली निखाऱ्यांत पडली.

माझ्या तोंडासमोर हिरवी ज्योत उठली, मित्रांनो. मी ती पाहिली आणि त्यांनीही पाहिली. त्यांनी सळईने निखारे उकरले, पण पितळ केव्हाच पाझरून खाली गेले होते. त्यांनी वरचे कोळसे बाजूला काढले, नवे घातले आणि स्वतःशीच पुटपुटले, "जाईल जळून." मागे माणसांचे आवाज येऊ लागले होते. आता विस्तव विझवा, भट्टी साफ करा, नवी पेटवा, हे सारे करायचे तर का ते सांगावे लागले असते.

कडे तापले. लाल झाले, पिवळे झाले, पांढरे झाले. घड्याळवाल्यांनी ते ऐरणीवर घेतले, पाववाल्यांनी घण मारला, ठिणग्या उडाल्या, आणि सांधा ओठ उघडावा तसा उघडला. पुन्हा तापवले. पुन्हा उघडला. चारही बाजूंनी माणसे दाटली होती. त्यांतून दुसऱ्या मंडळाचा एक गृहस्थ म्हणाला, "भाता दमलाय तुमचा. शिवण बघा की, उसवली असेल."

सगळ्यांची तोंडे काकांकडे वळली. काका गुडघ्यांवर बसले. त्यांनी माझ्या शिवणीवरून अंगठा फिरवला, डोळे अगदी कातड्याला टेकवले. मग मान वर करून घड्याळवाल्यांना विचारले, "काय हो, वारा कमी पडला का?"

मला तोंड आहे, मित्रांनो, पण त्यातून वाऱ्याशिवाय काही निघत नाही. ज्यांच्या तोंडातून शब्द निघू शकत होता, त्यांनी ओठ ओले केले, इकडेतिकडे पाहिले आणि ते म्हणाले, "हो... थोडा कमी वाटला खरा."

"असेल बाबा," काका उठता उठता म्हणाले. "डोळे गेलेच माझे." त्या दिवशी त्यांनी कोणालाही टोचले नाही.

कडे दुसऱ्या मंडळाने जोडले. काका पुढच्या सुट्टीला आले नाहीत, त्याच्या पुढच्याही नाहीत. भट्टीला वारा घालायला शेडमध्ये विजेचा पंखा आला. मला भिंतीवरच्या खुंटीला टांगले. कोळी माझ्या नळीत राहायला आला. तो तरी सोबतीला होता.

पण खरे सांगू? माझ्यापेक्षा वाईट दशा घड्याळवाल्यांची होती. ते माझ्याखाली कधी उभे राहत नसत. किटली माझ्या बाजूला ठेवली तर बिनचहाचे राहत. नव्या माणसाला नियम सांगायची वेळ आली की म्हणत, "डॉक्टरबाई, तुम्हीच सांगा." त्यांचे सांधे बोटाला लागू लागले. पाववाल्यांनी एकदा सहज विचारले, "काकांकडे जाऊन यायचं का हो?" तर ते म्हणाले, "जाऊ की, जाऊ," आणि हातातली कांब उगाच पाण्यात बुडवली. मनाला ते एकच समजूत घालत असणार, की पितळ पडले हे खरे, पण कदाचित शिवणही सुटली असेल. काका तसे म्हणालेच ना! पाप लपवायला माणसाला एवढीशी फट पुरते.

ती फट बुजली ती अशी. एका दुपारी डॉक्टरबाई माझ्याकडे बोट करून म्हणाल्या, "हे कातडं काढून टाकू या. वाळून चाललंय. फळ्या तेवढ्या शोभेला ठेवू."

"नको," घड्याळवाले एकदम म्हणाले. "तेल देतो मी त्याला. बघू तरी."

सगळे घरी गेल्यावर त्यांनी मला खाली काढले. कोळ्याला अलगद कागदावर घेऊन बाहेर सोडले. कातड्याला तेल चोळले. मग एक मेणबत्ती पेटवली. एका हाताने दांडा ओढायचा, सोडायचा, आणि दुसऱ्या हाताने ज्योत शिवणीजवळून सावकाश न्यायची. शिवणीतून वारा सुटत असता तर ज्योत हलली असती. ते कडेकडेने पुढे सरकत होते. माझ्या मनात आले, देवा, कुठेतरी हलू दे रे ही ज्योत. या बिचाऱ्याला तेवढाच आधार.

ज्योत कुठेच हलली नाही. टाका न् टाका शाबूत होता.

घड्याळवाले उलट्या बादलीवर मटकन बसले. बराच वेळ मेणबत्ती तशीच हातात. मेण बोटांवर उतरले तरी त्यांना कळले नाही. मग त्यांनी हात जोडले. माझ्यापुढे की त्या वरच्यापुढे, कोण जाणे. मला त्यांनी स्कूटरवर मागे बांधले आणि थेट काकांच्या घरी नेले.

दार सूनबाईंनी उघडले. "बाबा, मंडळातले घड्याळवाले आलेत. आणि तुमचा भाता."

काका खिडकीपाशी बसले होते, हात मोकळे ठेवून. ते हात मोकळे मी पहिल्यांदाच पाहिले. "या," ते म्हणाले. "फाटला का पुन्हा? मी आता दाभणाला शिवत नाही. बाजारात द्या कुणाला."

"फाटला नाही, काका. कधीच फाटला नव्हता." आणि घड्याळवाल्यांनी उभ्याउभ्याच सारे सांगितले: किल्ली, हिरवी ज्योत, वर टाकलेले कोळसे, आणि तो एक "हो".

काकांनी मला मांडीवर ओढून घेतले. अंगठा शिवणीवरून शेवटपर्यंत नेला, परत आणला.

"म्हणजे माझे हात शाबूत होते," ते म्हणाले.

"होते, काका."

"आणि हे तुम्हाला ठाऊक होतं."

"होतं."

"नातीच्या दप्तराचा पट्टा तुटला मध्यंतरी," काका माझ्याकडे बघत म्हणाले. "पोरगी म्हणाली, आबा, शिवून द्या. मी म्हटलं, बाळा, मला दिसत नाही, बाजारातून शिवून आण. खोगिरं शिवलीत मी! आणि घरातल्या पोरीचं दप्तर बाहेर गेलं शिवायला."

घड्याळवाल्यांनी त्यांच्या पायांना हात लावायला वाकायचा प्रयत्न केला. काकांनी पाय मागे घेतले.

"इथं नको. इथं कोण बघतंय? माझी मान खाली गेली ती भर मैदानात. तिथं बोला."

"बोलतो, काका."

"बघू," काका म्हणाले. पण मला त्यांनी घरी ठेवून घेतले. घड्याळवाले स्कूटरवर एकटेच परतले.

पुढच्या मेळाव्यात पुन्हा साऱ्या मंडळांचा गराडा पडला. काका मला बगलेत घेऊन आले होते. घड्याळवाल्यांनी भट्टी पेटवण्याआधी हात वर करून सगळ्यांना थांबवले. त्यांनी सुरुवात केली, आणि पितळाचे नाव निघताच माणसांत कुजबुज झाली. डॉक्टरबाईंनी कपाळाला हात लावला. पाववाले म्हणाले, "अहो, वर्षभर? आम्ही त्या माणसाला काय काय..."

शिवण उसवली असेल म्हणणारे ते गृहस्थही तिथेच होते. ते घाईघाईने म्हणाले, "जाऊ द्या हो. वर्ष झालं त्याला."

"वर्ष माझं गेलंय," काका म्हणाले, "तुमचं नाही. त्यांना पुरतं बोलू द्या."

घड्याळवाले पुरते बोलले. "काकांनी मला विचारलं तेव्हा मी हो म्हणालो. ते खोटं होतं. वारा भरपूर होता. दोष माझा होता, आणि तो मी त्यांच्या डोळ्यांवर ढकलला." टाळ्या कोणी वाजवल्या नाहीत. वाजवण्यासारखे त्यात काही नव्हतेही.

काकांनी मला भट्टीला जोडले. दांडा घड्याळवाल्यांच्या हाती दिला आणि स्वतः घण न मारता, विस्तव न बघता माझ्या शेजारी जमिनीवर बसले. एक तळवा माझ्या कातड्यावर होता. मी श्वास घेत होतो आणि तो तळवा माझ्याबरोबर वर जात होता, खाली येत होता. तसा श्वास मी जन्मात घेतला नाही.

सगळे पूर्वीसारखे झाले, असे मी सांगणार नाही. काका आता दर सुट्टीला येतात, पाववाल्यांना टोचतात, डॉक्टरबाईंना टोचतात. घड्याळवाल्यांना अजून टोचत नाहीत. त्यांच्याशी नीट, मान देऊन बोलतात, आणि तेच घड्याळवाल्यांना सगळ्यात जास्त लागते. ते काही मागत नाहीत. मला तेल देतात आणि दांड्यापाशी बसतात.

मित्रांनो, घरातली एखादी मुकी वस्तू बिघडली असे कोणी म्हटले, तर तिला फेकण्याआधी एकदा हात लावून बघा. आणि तुमच्या चुकीचे ओझे दुसऱ्या कोणाच्या खांद्यावर राहून गेले असेल, तर ते आणायला उद्या जाऊ, परवा जाऊ, असे करू नका. तुम्ही थांबता, तेव्हा तो माणूस आपल्या चांगल्या हातांवरचा विश्वास घालवून खिडकीपाशी बसलेला असतो. देव क्षमा करतो म्हणतात, आणि तो करीतही असेल. पण त्या माणसाचे दिवस तोसुद्धा परत आणून देत नाही. तेव्हा आजच उठा, आणि जा.