पिस्तूल खुंटीवर, मग दाढी

कमरेला पिस्तूल लावून उघड फिरायची मुभा टेक्सासात मिळाली, तेव्हा आमच्या मेस्किट फ्लॅट गावात फारसं काही बदललं नाही. आधी जी पिस्तुलं गाडीत असायची ती आता कमरेला दिसू लागली, एवढंच. ऑर्व्हल टीगच्या केशकर्तनालयात मी दुसऱ्या खुर्चीवर काम करायचो. गिऱ्हाईक पट्टा सावरत बसायचं, आम्ही वरून कापड टाकायचो, की झालं. ऑर्व्हल स्वतः दरवर्षी हरणाच्या शिकारीला जायचा. बंदुकीचं त्याला वावडं नव्हतं.

हॉलिस प्रुइट हा त्याचा शाळेपासूनचा मित्र. हमरस्त्यावर त्याचा पेट्रोलपंप होता. हिवाळ्यात तिथं दरोडा पडला, आणि तेव्हापासून हॉलिसही पिस्तूल लावू लागला. विचारलं की म्हणायचा, "गल्ला नेला. बाकी काही नाही."

एका शनिवारी ऑर्व्हलनं त्याच्या तोंडावर गरम टॉवेल ठेवला, वस्तरा धारेच्या चामडी पट्टीवर घासला आणि तसाच उभा राहिला. कापडाखाली हॉलिसचा हात पिस्तुलाच्या मुठीवर गेला होता.

"हॉलिस, हात वर घे."

"का? माझा हक्क आहे," टॉवेलच्या आतून आवाज आला.

"असेल की. पण माझा वस्तरा तुझ्या गळ्यावर असणार. तू दचकलास तर मी दचकणार, आणि मी दचकलो तर तुझीच पंचाईत. ती टोप्यांची खुंटी आहे ना, तिथं अडकव."

"नाही अडकवत."

"मग दाढी नाही."

हॉलिसनं टॉवेल खुर्चीवर टाकला आणि ओल्या तोंडानं निघून गेला.

मित्राला एक आणि गावाला एक असं चालायचं नाही, म्हणून ऑर्व्हलनं तोच नियम सगळ्यांना लावला. 'पिस्तूल आणू नका' अशी पाटी मात्र लावली नाही. कायद्यानं पाटीचा मजकूर ठरवून दिलेला, तो दोन भाषांत, आणि अक्षरं एवढी मोठी की पाटी आमच्या खिडकीत मावेना. तो ज्याला त्याला तोंडानंच सांगायचा.

गावात बोभाटा झाला. चर्चमधल्या बायका अभिनंदन करायला केक घेऊन आल्या. त्यांच्यापैकी कुणी आमच्याकडे केस कापत नव्हतं. पुढच्या आठवड्यात तिघंजण पिस्तुलं लावून आले आणि हाताची घडी घालून उभे राहिले.

"केस कापायचेत?" ऑर्व्हलनं विचारलं.

"निषेध करायचाय."

"मग बाकावर बसा. खुर्ची कामाची आहे."

ते बसले. त्यांतल्या एकाला पूर्ण टक्कल होतं. जेवणाच्या वेळेपर्यंत तिघांनी आमची सगळी जुनी मासिकं वाचून काढली. मग सर्वांत धाकट्यानं मुकाट्यानं पट्टा खुंटीला अडकवला आणि म्हणाला, "मागून जरा बारीक करा." बाकीचे दोघं त्याच्याशी बोलेनात.

हॉलिसचे केस कानांवर आले. दाढी तो घरीच करत असावा, कारण हनुवटीवर कापल्याच्या खुणा दिसायच्या. ऑर्व्हल रस्त्यात भेटला की तो समोरच्या फुटपाथवर जायचा. त्या दिवसांत ऑर्व्हल माझ्या कात्रीच्या प्रत्येक कापात खोट काढत होता.

मग एका सकाळी, दुकान नुकतंच उघडलं होतं, तेव्हा हॉलिस दारात येऊन उभा राहिला. आत येईना, जाईना.

"ये की," ऑर्व्हल म्हणाला.

"तो टॉवेल ठेवतोस ना डोळ्यांवर," हॉलिस जमिनीकडे बघत म्हणाला. "दरोड्याच्या दिवशी मी पंपावरच्या फ्रिजमध्ये वाकून बाटल्या लावत होतो. तो मागून आला. मानेला पिस्तुलाची नळी टेकवली आणि म्हणाला, हलू नकोस. मी तसाच वाकून राहिलो. तो गेल्यावरही राहिलो, किती वेळ कोण जाणे. आता डोळे मिटले की दार वाजल्यासारखं वाटतं रे."

ऑर्व्हलनं त्याला आत घेतलं. दाराची कडी घातली, पाटी उलटवून 'बंद' केली आणि कडी बसली का ते हॉलिसला स्वतः ओढून बघायला लावलं. हॉलिसनं दोनदा ओढून बघितली. मग पट्टा सोडला आणि खुंटीला अडकवला. आम्ही दोघं फण्या पुसत राहिलो.

टॉवेल ठेवला आणि थोड्याच वेळात हॉलिस घोरायला लागला.

बाहेर गिऱ्हाइकं जमली. मागच्या निषेधवाल्यांतले ते दोघंही त्यांत होते. आता एकाला खरोखरच केस कापायचे होते, टकल्याला दाढी करायची होती. टकल्यानं काचेवर टकटक केली. ऑर्व्हलनं ओठांवर बोट ठेवलं. टॉवेल गार झाला की तो दुसरा गरम आणायचा, अलगद बदलायचा. वस्तरा त्यानं हातात घेतलाच नाही.

ऊन डोक्यावर आलं तेव्हा हॉलिस जागा झाला. आरशात बघून त्यानं गालावरून हात फिरवला.

"अरे, अजून दाढी केली नाहीस?"

"तू बोलत होतास, वस्तरा कसा लावू?" ऑर्व्हल म्हणाला, आणि साबणाचा फेस करायला घेतला.